सारथ्याच्या खांद्यावरची पिशवी

गीता गोल्फच्या मैदानावर नेली ती स्टीव्हन प्रेसफील्ड या अमेरिकन कादंबरीकारानं. १९९५ साली आलेली त्याची 'द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स' ही कादंबरी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावात घडते. साल १९३१, मंदीचे दिवस. गावात गोल्फचा एक प्रदर्शनीय सामना भरतो. त्यात बॉबी जोन्स आणि वॉल्टर हेगन हे त्या काळातले खरेखुरे दिग्गज आहेत, आणि त्यांच्याशी खेळायला गावानं उभा केलेला काल्पनिक खेळाडू आहे रॅन्युल्फ जूना. पहिल्या महायुद्धातून हा माणूस जिवंत परतला, पण आतून विझून. तो म्हणतो, मी खेळणार नाही. त्याला उभं करतो त्याचा कॅडी, बॅगर व्हान्स. आर. जूना म्हणजे अर्जुन आणि बॅगर व्हान्स म्हणजे भगवान, हे लेखकानं लपवलेलं नाही. रथाच्या जागी गोल्फची पिशवी आली आणि लगाम धरणाऱ्या हातांच्या जागी ती पिशवी वाहणारा खांदा.

मराठी वाचकाला हे ऐकताच खटकतं. ज्ञानेश्वरांनी, टिळकांनी, विनोबांनी जिच्यात आयुष्य ओतलं ती गीता, आणि तिचा उपयोग पांढरा चेंडू भोकात घालायला? हा आक्षेप मला समजतो. पण अनेक वर्षं हा खेळ खेळल्यावर माझं मत असं झालं आहे की प्रेसफील्डला गोल्फचं मर्म सापडलं होतं, आणि त्याच्या वाचकांनी नेमकं तेच बाजूला ठेवलं. त्यांनी निष्काम कर्म उचललं, एकाग्रता उचलली, फटक्याआधीची शांतता उचलली. देव कॅडी होऊन आला, ही गोष्ट मात्र फारशी कोणी मनावर घेतली नाही. गोल्फमध्ये अध्यात्म आहे असं मी मनापासून मानतो. पण पिशवी वाहणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय ते अर्धंच राहतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी खेळात काय आहे ते पाहू. अठरा होलांची फेरी पायी खेळायला चार तास तरी लागतात. बरा हौशी खेळाडू त्यात ऐंशी-नव्वद फटके मारतो. एक फटका दीड-दोन सेकंदांचा. म्हणजे चार तासांत प्रत्यक्ष फटके मारण्याचा वेळ सगळा मिळून जेमतेम तीन मिनिटं. काठी आणि चेंडू यांची गाठ पडते ती तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. उरलेला सगळा वेळ चालायचं, थांबायचं आणि स्वतःच्या मनाशेजारी राहायचं. क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू टाकतो, टेनिसमध्ये समोरचा मारतो. तुम्ही फक्त उत्तर देता, विचाराला उसंतच नसते. गोल्फचा चेंडू तुमच्या पायाशी निवांत पडलेला असतो. त्याला कोणी फिरकी दिलेली नाही, कोणी वेग दिलेला नाही. जे बिघडेल ते तुमच्या हातून. अशा वेळी मन गप्प बसत नाही. मागच्या होलवर हुकलेला सोपा पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, पुढचं तळं, सोबतचे काय म्हणतील, ऑफिसातलं परवाचं भांडण, सगळं त्या दीड सेकंदाच्या आत शिरायला धडपडतं.

पुण्यात जन्मलेला अनिर्बाण लाहिरी विपश्यनेचा साधक आहे, याचं म्हणूनच मला नवल वाटत नाही. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला, जगातल्या सगळ्यांत मोठ्या चार स्पर्धांपैकी ही एक. सत्यनारायण गोएंकांनी इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून जे शिकवलं त्याचा गाभा असा की अंगावर उठणारी संवेदना नुसती पाहायची. आवडली म्हणून धरायची नाही, नावडली म्हणून लोटायची नाही. फटका गेला की गोल्फर नेमकं याच जागी उभा असतो. चेंडू झाडीत गेला तर त्याचा राग पुढच्या फटक्यात उतरतो, आणि होलपाशी जाऊन थांबला तर त्याची घमेंड उतरते. दोन्हींनी स्विंग सारखाच बिघडतो. हे पुस्तकात वाचून पटतं, पण मैदानावर ते दर दहा मिनिटांनी अंगावर येतं.

मायकेल मर्फी या अमेरिकन लेखकाचा प्रवास मोठा विलक्षण आहे. १९५६ साली तो पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाकडे निघाला होता आणि वाटेत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला थांबून गोल्फ खेळला. आश्रमात तो वर्षाहून अधिक काळ राहिला. पुढे १९७२ साली त्यानं 'गोल्फ इन द किंगडम' लिहिलं. भारताकडे निघालेल्या एका तरुणाला स्कॉटलंडच्या कल्पित गावात शिव्हास आयर्न्स नावाचा गूढ गोल्फशिक्षक भेटतो आणि एका दिवस-रात्रीत त्याची दृष्टीच पालटते, अशी ती गोष्ट. त्यातला गूढवाद मला पेलत नाही, आणि गोल्फला त्याची गरज आहे असंही वाटत नाही. पण ध्यानासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून गेलेल्या माणसाला पुढे लिहावंसं वाटलं ते वाटेतल्या त्या मैदानाबद्दल, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

गोल्फचं अध्यात्म मला दिसतं ते त्याच्या नियमांत. १७४४ साली एडिंबराजवळच्या लीथ इथल्या खेळाडूंनी पहिले तेरा नियम कागदावर उतरवले. आज नियमांचं पुस्तक बरंच जाड झालं आहे, तरी त्याची सुरुवात एका साध्या अपेक्षेनं होते. मैदान जसं मिळेल तसं खेळायचं आणि चेंडू जसा पडला असेल तसा मारायचा. उत्तम मारलेला चेंडू दुसऱ्याच्या फटक्यानं उखडलेल्या खळग्यात जाऊन बसतो. तिथून उचलून तो बाजूच्या हिरवळीवर ठेवायचा नाही. हा प्रसंग सगळे गोल्फर रंगवून सांगतात, कारण त्यात अन्याय झालेला असतो. उलटा प्रसंग कोणी सांगत नाही. वेडावाकडा गेलेला चेंडू झाडाच्या बुंध्यावर आपटून पुन्हा फेअरवेच्या कापलेल्या हिरवळीवर येतो, आणि आपण शांतपणे पुढचा फटका मारून स्कोअर लिहितो. त्या स्कोअरमधला एक फटका झाडाचा असतो. फेरी संपल्यावर किती फटके माझे आणि किती झाडांचे, उताराचे, वाऱ्याचे, असा हिशेब जो मांडेल त्याला कर्तेपणाचा तोरा फार काळ मिरवता येणार नाही. माझ्या लेखी कृतज्ञतेची सुरुवात इथून होते. 'केवढी सुंदर सकाळ दिलीस देवा' हे म्हणणं सोपं आहे. 'हा बर्डी, हा वाचलेला फटका, माझा नव्हता' हे म्हणणं त्याहून कितीतरी अवघड.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली, म्हणजे विकर्म जुळलं, की कर्माचं ओझं उरत नाही. कर्म करूनही न केल्यासारखं होतं. सरावाच्या जागी बादलीभर चेंडू मारून मारून हाताला वळण लावणारा माणूस एखाद्या सकाळी असा फटका मारतो की आपण काही केलं असं त्याला वाटतच नाही. चेंडू गेला, एवढंच. तो क्षण ओढून आणता येत नाही. आणायला जावं तर पुढचे कित्येक फटके त्यात वाया जातात.

आता बॉबी जोन्सकडे यायला हवं, कारण गोल्फमधली नैतिक उंची आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच माणसात इतक्या ठळक दुसरीकडे सापडणार नाहीत. जोन्स पेशानं वकील. गोल्फ तो आयुष्यभर हौशी म्हणूनच खेळला. १९२१ साली सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ब्रिटिश ओपन खेळताना तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, तो अडकला, संतापला, आणि त्यानं चेंडू उचलून स्पर्धाच सोडली. वय होतं एकोणीस. चार वर्षांनी, १९२५ च्या यूएस ओपनमध्ये, वूस्टर इथे, पहिल्याच फेरीत काठी टेकवताना गवतातला त्याचा चेंडू किंचित हलला. ते दुसऱ्या कोणीही पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली, त्यांनाही काही आढळलं नाही. निर्णय त्याच्यावर सोपवला गेला. जोन्सनं स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली, निर्णायक फेरीही बरोबरीत सुटली, आणि दुसऱ्या निर्णायक फेरीत तो विली मॅकफार्लेनकडून एका फटक्यानं हरला. पुढे लोक त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करू लागले तेव्हा त्यानं ते झिडकारलं. बँक लुटली नाही म्हणून कोणी कोणाचं कौतुक करतं का, अशा आशयाचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे.

फुटबॉलमध्ये पंचाला फसवण्यासाठी मैदानावर लोळणारे खेळाडू आपण रोज पाहतो. त्या पार्श्वभूमीवर हा प्रसंग पाहिला की खेळ माणसाला काय शिकवू शकतो याचा अंदाज येतो. हौशी गोल्फरसोबत पंच नसतो. झाडीत चेंडूपाशी तुम्ही एकटे असता आणि बुटाच्या टोकानं तो दोन इंच सरकवणं अगदी सोपं असतं. कोणी पाहत नसताना माणूस काय करतो याला आपल्याकडे सगळ्या संतांनी धर्माची कसोटी मानलं. गोल्फ ती कसोटी फेरीत अनेकदा लावतो.

ज्या मैदानावर जोन्सनं चेंडू उचलला होता त्याच मैदानावर १९२७ साली तो ओपन जिंकला. १९३० साली एकाच वर्षी त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं स्पर्धांतून निवृत्ती घेतली. पुढे पाठीच्या कण्याच्या दुर्धर आजारानं त्याला घेरलं. १९४८ नंतर तो गोल्फ खेळू शकला नाही. १९५८ साली सेंट अँड्र्यूज शहरानं त्याला मानद नागरिकत्व दिलं. १७५९ साली बेंजामिन फ्रँकलिनला मिळालेला तो मान त्यानंतर कोणा अमेरिकनाला मिळाला नव्हता. आधाराशिवाय धड उभं राहता येत नसलेला जोन्स त्या सभेत बोलला. आपल्या आयुष्यातून सगळं काढून घेतलं आणि या गावानं दिलेलं तेवढं ठेवलं, तरी ते आयुष्य समृद्धच असेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. ज्या शरीराच्या बळावर हे सगळं मिळवलं ते शरीर सोडून चाललं असताना माणूस असं बोलू शकतो, हे मला त्याच्या सगळ्या करंडकांपेक्षा मोठं वाटतं. गेलेल्याचा हिशेब न मांडता मिळालेल्याचं नाव घ्यायचं, तेही अमूर्त देवाचं नव्हे, एका ठरावीक गावाचं आणि तिथल्या माणसांचं.

आणि याच जोन्सनं क्लिफर्ड रॉबर्ट्ससोबत ऑगस्टा नॅशनल हा क्लब उभारला. १९३४ पासून तिथे मास्टर्स ही स्पर्धा भरते. १९८२ पर्यंत तिथे खेळणाऱ्या प्रत्येकाला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे, आणि ते सगळे कृष्णवर्णीय असत. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९७५ साली, ली एल्डर. क्लबानं पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला १९९० साली, पहिल्या दोन स्त्रिया २०१२ साली. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या घटनेत सभासदत्व फक्त गोऱ्यांना देणारं कलम १९६१ पर्यंत टिकून होतं. जोन्स १९७१ साली गेला. गवतातला चेंडू किंचित हलला तो त्याच्या डोळ्यांना दिसला. शेजारी पिशवी घेऊन उभा असलेला माणूस या मैदानावर स्वतः कधीच का खेळत नाही, हा प्रश्न त्याला तितक्याच तीव्रतेनं पडला असं त्याच्या क्लबाच्या इतिहासावरून दिसत नाही.

मी जोन्सवर खटला भरत नाही. तो त्याच्या काळाचा आणि त्याच्या प्रांताचा माणूस होता. पण गोल्फच्या अध्यात्माची गफलत नेमकी कुठे होते, ते इथे लख्ख दिसतं. हा खेळ माणसाला स्वतःकडे बारकाईनं पाहायला शिकवतो आणि मग स्वतःपाशीच थांबवतो. २००० साली 'बॅगर व्हान्स'वर चित्रपट निघाला. त्यात कॅडी झाला विल स्मिथ, म्हणजे पडद्यावरचे भगवान कृष्णवर्णीय. दिग्दर्शक स्पाइक ली यानं त्यावर कडाडून टीका केली. १९३१ च्या जॉर्जियात, जिथे काळ्या माणसाचा जीवही सुरक्षित नव्हता, तिथे या देवाला एका गोऱ्या माणसाच्या स्विंगची काळजी पडावी? मला ती टीका योग्य वाटते. सारथ्याला देव ठरवलं की त्याची मजुरी, त्याचं घर, त्याचं म्हातारपण यांविषयी विचारायची गरज उरत नाही.

आपल्याकडे काय आहे? बहुतेक ठिकाणी कॅडी क्लबाचा पगारी नोकर नसतो. फेरीमागे पैसे, वर खेळणाऱ्याच्या मर्जीची बक्षिसी. चेंडू कुठे पडतो ते पाहायला पुढे जाऊन उभा राहणारा पोरगा वेगळा, त्याला 'आगेवाला' म्हणतात. येणाऱ्या चेंडूच्या समोर उभं राहणं हेच त्याचं काम. पावसाळ्यात फेऱ्या कमी, म्हणजे हातात पैसा कमी. २०२० च्या टाळेबंदीत मैदानं बंद झाली तेव्हा या माणसांचं उत्पन्न एका दिवसात थांबलं. काही ठिकाणी सभासदांनी वर्गणी काढली, ते चांगलंच झालं. पण वर्गणी काढावी लागली, यातच व्यवस्थेचं सगळं चित्र आलं.

मी बहुतेकदा ज्याच्यासोबत खेळतो त्या कॅडीला सगळे मामा म्हणतात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, आला की तो आधी होलच्या मागे जाऊन उकिडवा बसतो, मग चेंडूच्या मागे, मग दोन्हींच्या मधल्या रेषेला आडवा चालत जातो, कारण चढ कुठे बदलतो ते तळपायाला कळतं असं त्याचं म्हणणं. एकदा उतार उघड डावीकडे दिसत होता. तो म्हणाला, "साहेब, डोळ्याला डावीकडं दिसतंय, पण पाणी उजवीकडं जातं. पावसात बघितलंय मी. एक कप डावीकडं धरा." पट पडला. स्कोअरकार्डावर तो माझ्या नावानं लिहिला गेला. त्या ग्रीनवर मुसळधार पावसात, काम नसताना, कोणी तरी उभं राहून पाणी कुठे जातं ते पाहिलं होतं, म्हणून तो पडला होता.

आणि त्या पटाची वाट ज्यांनी तयार केली ते तर आणखी अदृश्य. उजाडायच्या आधी माळी लांब लवचीक बांबू ग्रीनवरून फिरवून दव झटकतात. होल कापायचं साधन घेऊन कालचं भोक बुजवून आजचं पाडतात. ते बरोबर १०८ मिलिमीटर व्यासाचं असतं. फेअरवेवर बायका खुरपी घेऊन ओळीनं उकिडव्या बसतात आणि तण हातानं उपटतात. टीवरून 'फोर!' अशी आरोळी आली की मान न उचलता डोक्यावर घमेलं धरतात, चेंडू गेला की पुन्हा खुरपी चालू. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचा तो कठीण गोळा डोक्यात बसला तर काय होईल हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या सावता माळ्याला विठ्ठल त्याच्या मळ्यातच भेटला, पंढरीला जावं लागलं नाही, असं वारकरी परंपरा सांगते. त्या परंपरेच्या माणसानं गोल्फच्या मैदानावर देव शोधायचा म्हटलं तर तो आधी खुरपं धरलेल्या हातांकडे पाहील. हातमोजा घातलेल्या हाताची पाळी नंतर.

यावर नेहमीचं उत्तर येतं, 'आम्ही पैसे देतो की.' देतो, आणि वेळेवर देतो, हे खरं. पैशानं मजुरी फिटते, आणि ती पुरेशी असायला हवी. पण कृतज्ञता ही भावना आहे असं जो म्हणतो, त्याचंही ती फक्त मनात ठेवून भागत नाही. आपल्या परंपरेनं देवांचं, ऋषींचं, पितरांचं ऋण मानलं आणि ते फेडायची वाट कृतीची ठेवली: यज्ञाची, अध्ययनाची, पुढची पिढी वाढवण्याची. नुसतं 'आभारी आहे' म्हणून कोणतंही ऋण फिटत नाही.

गंमत वाटेल, पण गोल्फला हे गवताच्या बाबतीत पक्कं ठाऊक आहे. फटक्यानं मातीचा तुकडा उखडला तर तो परत जागेवर बसवायचा किंवा खळग्यात वाळू भरायची. ग्रीनवर चेंडूनं पाडलेला खड्डा छोट्या काट्यानं कडेकडेनं आत ओढून पटरनं सपाट करायचा. बंकरमधून निघताना आपल्या पावलांवरून दाताळं फिरवायचं. हे सगळं आपल्या मागून येणाऱ्या माणसासाठी. तो कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं, तो कधी आभार मानणार नसतो. कृतज्ञतेचा याहून नेमका आचार मला दुसऱ्या खेळात दिसलेला नाही. माझं मागणं एवढंच की जी काळजी आपण गवताच्या जखमेची घेतो तिची व्याप्ती माणसांपर्यंत आणि पाण्यापर्यंत वाढवावी.

पाण्याचा विषय महाराष्ट्रात टाळताच येत नाही. अठरा होलांच्या मैदानाला साधारण सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते, आणि उन्हाळ्यात ती हिरवी ठेवायला रोज लाखो लिटर पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. क्रिकेटची खेळपट्टी त्या मानानं इवलीशी. ज्याला फेअरवेवर निसर्गाचं दर्शन होतं त्यानं हा निसर्ग कोणत्या नळातून आला ते विचारलंच पाहिजे. सांडपाणी प्रक्रिया करून वापरणारी मैदानं आहेत, आणि तो मार्ग योग्य आहे. मे महिन्यात रफ, म्हणजे कडेचं वाढू दिलेलं गवत, पिवळं पडलं तर पडू द्यावं. या खेळाचा जन्म झाला त्या स्कॉटिश किनाऱ्यावरच्या मैदानांवर कोरड्या उन्हाळ्यात गवत तपकिरी होतं आणि तिथे तो कमीपणा मानत नाहीत. जमीन आणि पाणी यांच्यावरून माणसं पेटून उठतात हेही ध्यानात ठेवावं. मेक्सिकोतल्या तेपोस्तलान गावानं १९९५-९६ मध्ये सामाईक जमिनीवर होऊ घातलेलं गोल्फचं मैदान लढून रद्द करायला लावलं.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स मात्र अजून सामाईक आहे. जगातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत मानाच्या मैदानांपैकी एक असलेलं हे मैदान कोणा क्लबाच्या मालकीचं नाही. १९७४ च्या कायद्यानं स्थापन झालेलं विश्वस्त मंडळ त्याचा कारभार पाहतं, आणि खेळायची वेळ मिळावी म्हणून बाहेरची माणसं चिठ्ठ्यांच्या सोडतीत नाव घालतात. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तिथे खेळ बंद. गावातली माणसं फिरायला येतात, पोरं धावतात, कुत्री हुंदडतात. ही रविवारची सुट्टी टिकवण्यासाठी ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) आग्रही होता. चार वेळा ओपन जिंकलेला हा माणूस त्या मैदानाचा राखणदार होता. खेळणाऱ्या साहेबांना विश्रांती नको असली तरी जमिनीला ती हवी असते, असं तो म्हणे असं सांगतात. राखणदाराच्या शब्दाला तिथे एवढं वजन होतं.

कोणी म्हणेल, मूठभर श्रीमंतांच्या खेळात अध्यात्म कसलं शोधता. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. ७ ऑगस्ट २०२१ ला, ज्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकला, त्याच दिवशी सकाळी कधी गोल्फ न पाहिलेली घरं टीव्हीपुढे बसली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये आदिती अशोक एका फटक्यानं पदकापासून दूर राहिली, चौथी आली. पिशवी तिच्या आईच्या खांद्यावर होती. त्या सकाळी कॅडी म्हणजे कोण हे देशाला पहिल्यांदा कळलं, आणि ती आई होती म्हणून सगळ्यांना तिच्याबद्दल आदर वाटला. तोच आदर परक्या माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीला का मिळू नये, हे मला कळत नाही.

एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीन राखायचं काम करत. १८२९ साली स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. त्या माळ्याचा मुलगा तिथेच खेळ शिकला, २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, पुढे २०१६ आणि २०१७ साली लागोपाठ इंडियन ओपन. त्याआधी १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हाही दिल्लीच्या मैदानावरच्या कॅडींमधूनच वर आलेला. ही उदाहरणं क्लबांच्या भाषणांत अभिमानानं येतात. कॅडींना स्वतः खेळायला मिळतं ते मात्र अजूनही मैदान बंद असेल त्या दिवशी, सोमवारी सकाळी, सभासदांच्या जुन्या काठ्या आणि तळ्यातून काढलेले चेंडू घेऊन, तेही काही ठिकाणीच.

क्लबांनी कॅडींचा विमा काढावा, पावसाळ्यात किमान रक्कम द्यावी, खुरपणाऱ्या बायकांना घमेल्याऐवजी हेल्मेट द्यावं, पाण्याचा हिशेब सूचना फलकावर लावावा. यातलं काहीही क्लबांच्या ऐपतीबाहेरचं नाही. पण माझ्या लेखी या सगळ्याच्या आधी येते ती आठवड्यातून एक पूर्ण सकाळ, कॅडी आणि माळ्यांच्या मुलांमुलींसाठी, चांगल्या काठ्यांसह आणि शिक्षकासह. त्यातून पुन्हा एखादा चौरसिया निघतो का, हे मी पाहत नाही. चार तास स्वतःच्या मनाशेजारी चालणं, वाईट पडलेला चेंडू तसाच खेळणं, कोणी पाहत नसताना स्वतःवर दंड लावणं, हे सगळं माणसाला मोठं करतं असं मी इतका वेळ म्हणत आलो. ते खरं असेल तर पिशवी वाहून नेणाऱ्या पोरालाही त्याचा तेवढाच हक्क आहे, आणि तो त्याला देणं माझ्या हातात आहे.